सुभेदारांचे चाळीस सेकंद

आमच्या सुभेदारांइतका जागेला जपणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याचीही जागा सुभेदारांनी कुठेतरी राखून ठेवली असेल. खरं तर ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सुभेदार ही बढती त्यांना आमच्या कॉम्प्युटर सेंटरने दिली, आणि "चुकीचं हाय, पर आता दिलंय तर ऱ्हाऊ द्या" एवढं बोलून त्यांनी ती स्वीकारली. मूळचे रहिमतपूरकडचे, उसाच्या घरातले. वडील कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे बघणारे. थोरला भाऊ शेती सांभाळायचा. सुभेदारांनी फौजेच्या सिग्नल विभागात, बिनतारी संदेशांच्या कामात, पंधरा-सोळा वर्षं काढली, तिथेच कॉम्प्युटर शिकले, आणि नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा सांगलीत हळदीच्या गोदामांमागे, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या सेंटरमधल्या मोठ्या मशीनचे ते सर्वेसर्वा होते. सर्वेसर्वा असले तरी नेमणूक कराराची. दर वर्षी मार्चअखेर त्या करारावर नवी सही व्हावी लागे. एका वर्षी ती सही अडली, आणि अडली तीही त्यांच्या या जागा राखण्याच्या वेडापायीच. तेच सांगायला मी बसले आहे; पण सुभेदारांबद्दल सांगताना एकदम शेवटचं आधी सांगणं त्यांना रुचलं नसतं, म्हणून रांगेनं सांगते.

सेंटरमध्ये पाऊल टाकलं की उंबऱ्याशी जमिनीवर खडूनं आखलेले चौकोन दिसत. प्रत्येक चौकोन एकेकाच्या चपलांचा. भिंतीवर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एकेकाची पिशवी. छत्र्यांसाठी कोपऱ्यात कापलेल्या पाइपाचे तुकडे उभे केलेले, त्यांवर नावं. उन्हाळ्यात त्या पाइपांत काही नसे, तरी कुणी त्यात गुंडाळलेला नकाशा उभा केला की सुभेदार तो हळूच काढून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "पावसाळा काय विचारून येतो व्हय?" गोदामांतली हळद वाऱ्यावर उडून आमच्याकडे यायची. मशीनच्या हवेच्या जाळ्या आठवड्याला पिवळ्या व्हायच्या. सुभेदार दर शनिवारी त्या धुऊन गच्चीवर वाळत घालत, तेव्हा खालचा हमाल मान वर करून विचारायचा, "सुभेदार, हळद तर लागली, लगीन कवा हाय मशीनचं?" आणि सुभेदार गंभीरपणे सांगायचे, "पोरगं मिळंना गड्या त्याच्या उंचीचं."

त्यांच्या बसप्रवासाची गोष्ट तर कंडक्टर मंडळींतही प्रसिद्ध होती. दर पंधरवड्याला ते गावाहून येत, आणि बसायचे ते कंडक्टरच्या मागच्या बाकावर खिडकीशी. एकदा त्या खिडकीशी एक म्हातारी बसली होती, मांडीवर कोंबडी घेऊन. बाकी निम्मी बस मोकळी. सुभेदार कराडपासून इस्लामपूरपर्यंत दांडीला धरून उभे. कंडक्टर म्हणाला, "आवं, सगळी बस रिकामी हाय, बसा की." सुभेदार म्हणाले, "ती माझी जागा न्हाई." "मंग म्हातारीला उठवू का?" "तिची तिला मिळालीया. तिला कशापायी उठवायचं?" इस्लामपूरला म्हातारी उतरली आणि सुभेदार बसले. ही गोष्ट आमच्या व्यवस्थापकसाहेबांनी सेंटरभर हसत हसत सांगितली होती. पुढे तीच त्यांनी भांडणात वापरली, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मी या सेंटरमध्ये आले ती लोणंदहून. वडील मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहायचे. साताऱ्याच्या कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, बी.एस्सी. झाले, वर कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स केला. घरातली पहिली पदवी. ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं त्यांची यादी मी मनात नेहमी म्हणते, त्यात सुभेदारांचं नाव फार वर आहे. पण सुरुवात चांगली झाली नव्हती. पहिल्याच दिवशी चहाची किटली आली आणि सुभेदारांनी भिंतीवरच्या एका कपाकडे बोट दाखवलं. "ताई, तुमचा कप त्यो. सात नंबर. दुसरा घ्यायचा न्हाई." आमचे आजोबा छप्पन सालानंतर बौद्ध झाले. त्याआधीच्या दिवसांतलं ते फारसं काही सांगत नसत, पण हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले कप मात्र त्यांनी आम्हाला सांगितले होते. डोकं दुखतंय असं सांगून मी दोन दिवस चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी घाईत कुठला तरी कप उचलला, आणि सुभेदार शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा तीन नंबर. ह्यो पाच हाय, टायपिंगच्या बाईंचा." साहेबांनी निमूट कप बदलला. मी भिंतीकडे नीट पाहिलं. एकपासून नऊपर्यंत कप, सगळ्यांवर ऑइलपेंटचे आकडे, आणि नववा, टवका उडालेला, सुभेदारांचा स्वतःचा. मी सात नंबर काढला आणि चहा प्याले.

त्यांच्या काय लक्षात आलं होतं, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यादेखत आपला चहा सात नंबरच्या कपात ओतला, उभ्या उभ्या प्याला, कप स्वतः विसळला आणि परत खिळ्याला अडकवला. म्हणाले, "कान पक्का हाय का बघितलं. दुसऱ्याच्या हातात कप द्यायचा तर आधी आपण बघावा." त्यांना स्वतःचा नियम मोडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. मात्र कुणाला वेगळं ठेवणं आणि कुणासाठी जागा राखणं या दोन गोष्टी बाहेरून किती सारख्या दिसतात आणि आतून किती निराळ्या असतात, ते मला त्या दिवशी कळलं.

आता मशीनविषयी सांगते. पुण्याच्या एका कंपनीनं वापरून काढलेलं ते कपाटाएवढं यंत्र आमच्या सेंटरनं आणलं होतं. आत दोन बोर्ड, प्रत्येक बोर्डावर दोन प्रोसेसर आणि त्यांची त्यांची मेमरी. त्यावर दोन मोठी बिऱ्हाडं राहत. एक साखर कारखान्याचा डेटाबेस: कुणाचा ऊस कधी तोडायचा, कुठली गाडी काट्यावर आली, वजन किती भरलं. दुसरा मिरजेच्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीचा: कुठल्या गटाची पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात आहे. कारखाना मोठा, दवाखाना लहान. एकाच मशीनवर दोघांना मोकळं सोडलं तर हंगामात कारखाना सगळे प्रोसेसर आणि सगळी मेमरी व्यापून बसायचा आणि दवाखान्याला मुंगीच्या पावलानं उत्तर मिळायचं. सुभेदारांनी यावर बांध घातला होता. पहिल्या बोर्डाचे दोन्ही प्रोसेसर आणि तिथली मेमरी कारखान्याला बांधून दिली. दुसऱ्या बोर्डावरचा एक प्रोसेसर आणि तिथल्या मेमरीचा मोठा हिस्सा दवाखान्याला. चौथा प्रोसेसर मशीनच्या स्वतःच्या घरकामाला. बांध म्हणजे खरोखरच बांध. दवाखान्याचा प्रोसेसर रिकामा बसलेला असला तरी कारखान्यानं त्यात शिरायचं नाही.

मला समजावताना त्यांनी चार काड्यापेट्या टेबलावर मांडल्या. "ही दोन जुवं. ह्या जुवाला दोन बैलं, त्या जुवाला दोन. मेमरी म्हंजी त्यांच्या म्होरली गव्हाण. बैल आपल्या गव्हाणीत खातो तवर झटझट खातो. त्याला उठवून दुसऱ्याच्या गव्हाणीपाशी न्या, परत आणा, परत न्या, मंग तो चालतोच लय, खातो कमी." पुढे मोठमोठ्या इंग्रजी पुस्तकांत मी हीच गोष्ट आकृत्यांसकट वाचली. काड्यापेट्यांइतकी स्पष्ट कुठेच नव्हती.

आणि मग ते चाळीस सेकंद. मशीन कधी बंद करून चालू करायची वेळ आली की सुभेदार आधी दवाखान्याचा डेटाबेस उठवत. लहान आधी. त्यानं आपली मेमरी पुरती धरली की मग मोठ्याचा नंबर. त्यांच्या वडिलांच्या कालव्यावर पाणी आधी शेवटच्या चारीला, म्हणजे टोकाच्या पाटाला, जायचं. तोंडाशी बसलेल्यांना मिळणारच असतं, शेवटच्याला आधी दिलं तरच त्याच्यापर्यंत पोचतं. आमच्या आजोबांच्या काळी पाण्यापाशी आमचा नंबर कुणी धरलेलाच नव्हता, त्यामुळे हे ऐकताना मला उगीचच भरून आलं. लहान आणि मोठा उठवण्याच्या मध्ये सुभेदारांनी मशीन चालू करण्याच्या फाइलमध्ये एक ओळ घातली होती: चाळीस सेकंद थांब. तेवढा वेळ ते मशीनसमोर डोळे मिटून उभे राहत आणि खोलीत कुणी बोलायचं नाही असा दंडक होता. एकदा साहेबांना त्यात शिंक आली, तर सुभेदारांनी डोळे न उघडता हात वर केला आणि साहेबांनी दुसरी शिंक रुमालात दाबली. मला वाटे, ते आकडे मोजतात. एकदा धीर करून विचारलं, चाळीसच का? ते थोडे लाजले. म्हणाले, "आमचे बापू कालव्याचं एक दार उघडलं की दुसऱ्या दाराकडं चालत जायचे. चाळीस पावलं हुती. मागं बघत बघत जायचे, पाणी नीट लागलं का. मी त्यांच्या मागनं चालायचो. आता बी चालतो, एवढंच."

रविवारी ते मिरजेला जात. तिथं एका तंबोरे करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात कट्ट्यावर बसत. गाणं त्यांना येत नव्हतं, तंबोरा घ्यायचा नव्हता. कारागीर तारेखाली दोरा सरकवत राही, तार एकदम बोलू लागे, आणि सुभेदार मान हलवत. मला एकदा बरोबर नेलं. कारागीर म्हणाला, "हे तुमचे सुभेदार वर्षभर येतायत, एक खुंटी पण विकत घेतली नाही." सुभेदार म्हणाले, "ऐकायला येतो. कान लागतो आमच्या धंद्याला." ते खरंच होतं. दुपारी तीनच्या सुमारास सेंटर सुस्तावायचं, बाहेर ऊन, आत गारवा, मशीनचा एकसुरी आवाज चाललेला, आणि सुभेदार त्या कपाटाला कान लावून उभे असायचे. "दुसरी जोडी आज खुशीत हाय," असं काहीतरी म्हणायचे. मलाही हळूहळू त्या आवाजात चार निरनिराळे सूर ऐकू यायला लागले. खरे होते की गुंगीत वाटायचे, कोण जाणे. त्या दुपारी आठवल्या की त्यांत मला घड्याळ कुठे दिसतच नाही.

मग तो हंगाम आला. ऊस अमाप झाला होता. काट्यावर गाड्यांची रांग लागली, पावती सुटायला वेळ लागू लागला, आणि कारखान्याचे फोन साहेबांना. साहेब वाईट माणूस नव्हते. पण सेंटरच्या संचालक मंडळात कारखान्याची माणसं जास्त होती आणि साहेबांनाही वर उत्तर द्यावं लागे. त्यांनी सुभेदारांना बोलावलं. मी तिथंच होते.

"सुभेदार, चारातला एक प्रोसेसर दिवसभर जवळजवळ झोपलेला असतो. मी स्वतः पाहिलं. तो कारखान्याला द्या."

"त्यो दवाखान्याचा हाय, साहेब."

"पण रिकामा आहे ना?"

"रिकामा न्हाई, थांबलाय. मिरजेत्नं कवा विचारत्याल सांगता येत न्हाई. मी रक्तपेढीच्या सिस्टरांना सबूद दिलाय, इचारल्यावर वीस आकडे म्हणस्तवर पिशवी कुठं हाय ते कळंल. त्यांनी हातानं लिहायचं रजिस्टर बंद केलंय त्या सबदावर."

"तुम्ही मोकळ्या बसमध्ये उभे राहता, म्हणून आमच्या उसाच्या गाड्यांनी पण उभं राहायचं का?"

सुभेदार म्हणाले, "बस मोकळी दिसती साहेब. म्हातारी म्होरल्या ष्टापवर चढायची असती."

साहेबांनी टेबलावरची फाइल जवळ ओढली. त्यात सुभेदारांचा करार होता आणि माझ्या कायम नेमणुकीचं पत्रही. "बांध काढा. नाहीतर या मार्चला मला या कागदावर सही करता यायची नाही."

"माझ्या हातानं न्हाई व्हायचं ते," सुभेदार म्हणाले. त्यात राग नव्हता. साहेबांनी त्यांना आठ दिवस गावी जाऊन यायला सांगितलं, आणि काम माझ्यावर आलं.

निघताना सुभेदारांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "ताई, साहेब सांगत्याल तसं करा. तुमची नोकरी नवी हाय, मागं घर हाय. फकस्त जुनी फाइल पुसू नका. बाजूला ठिवा." मी जुनी फाइल वेगळ्या नावानं ठेवली आणि बांध काढला. साहेबांच्या सांगण्यावरून चालू करण्याचा क्रमही बदलला, मोठा आधी, लहान मागाहून, आणि चाळीस सेकंदांची ओळ काढली. हे मी केलं. वडिलांनी लोणंदला चार जणांना माझ्या कायम नोकरीचं सांगून ठेवलं होतं, हे कारण त्या वेळी मला पुरेसं वाटलं होतं.

दोन दिवस सगळं झकास चाललं. कारखान्याच्या पावत्या भराभर सुटल्या. साहेबांनी पेढे आणले. तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली, यूपीएसनं थोड्या वेळानं दम सोडला, आणि वीज आल्यावर मशीन नव्या क्रमानं उठलं. कारखान्यानं उठल्या उठल्या दोन्ही बोर्डांवरची मेमरी धरली. दवाखाना मागाहून आला तेव्हा त्याला उभं राहायलाही जागा नव्हती. मशीन मेमरीत मावेना ते डिस्कवर टाकू लागलं, तिथून परत आणू लागलं, आणि त्या ओढाताणीत कारखानाही अडकला. मशीनचा तो एकसुरी आवाज गेला आणि डिस्कची खरखर सुरू झाली. काट्यावरून फोन आला, "म्याडम, पावती सुटंना. गाड्या कमानीच्या भाईर गेल्यात, बैलं रस्त्यात बसल्यात." मी साहेबांना म्हटलं, दोन्ही बंद करून जुन्या फाइलनं उठवू या. ते म्हणाले, "काटा बंद? आत्ता? अजिबात नाही. होईल सुरळीत."

तेवढ्यात मिरजेहून रक्तपेढीतल्या सिस्टरांचा फोन.

"अगं बाई, वीस मोजले, दोनशे मोजले. आता पाढे म्हणू का?"

"सिस्टर, मशीन जरा..."

"ऑपरेशन थिएटरमध्ये बाळंतीण आहे. ओ निगेटिव्ह पाहिजे. कप्पा सांग."

पडद्यावर काहीच येत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी फ्रिज उघडून हातानं बघते. तू फोन ठेवू नकोस." मी रिसीव्हर कानाला धरून बसले. फ्रिजचं दार, कप्पे ओढल्याचे आवाज, सिस्टर एकेका पिशवीवरचा गट पुटपुटत वाचतायत ते. ए. ए. बी. ए. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एकदम, "सापडली," आणि धावत गेलेल्या चपला. ती बाई वाचली, बाळही. पण सिस्टरांनी नंतर पुन्हा फोन उचलला आणि एवढंच विचारलं, "सुभेदार कुठे आहेत?"

रहिमतपूरला त्यांच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन होता. निरोप गेला, आणि दुपारी ऊन कलायच्या आत सुभेदार आले. बसमध्ये बसून आले की उभे राहून, ते विचारायचं राहिलं. उंबऱ्याशी आले आणि थबकले. त्यांच्या चौकोनात साहेबांचे बूट होते, घाईत काढलेले. सुभेदार पिशवी खांद्याला लावून तसेच बाहेर उभे. साहेब आतून आले, त्यांनी पाहिलं, वाकले, आपले बूट उचलून आपल्या चौकोनात ठेवले. सुभेदारांनी चपला काढल्या, हात धुतले, आणि मशीनला कान लावला. त्यांचा चेहरा आजारी गुराकडे बघावं तसा झाला.

"काटा पाच मिन्टं थांबवा म्हणावं," ते म्हणाले. साहेबांनी स्वतः फोन केला. मी बाजूला ठेवलेली फाइल काढून दिली. तिच्यात काही बदललेलं नाही हे त्यांनी ओळ न् ओळ बोट लावून पाहिलं. दोन्ही डेटाबेस बंद केले. डिस्कची खरखर थांबली. मग दवाखाना उठवला, आणि डोळे मिटले. साहेब उभे, टायपिंगच्या बाई उभ्या, मी उभी. मध्येच फोन वाजायला लागला. कुणी उचलला नाही. तो वाजून वाजून गप्प झाला, आणि त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. त्या शांततेत मशीनचा जुना सूर हळूहळू परत आला, एक तार, मग दुसरी. सुभेदारांनी डोळे उघडले आणि कारखाना उठवला.

थोड्या वेळानं काट्यावरून निरोप आला की पावत्या सुटतायत. सिस्टरांनी मुद्दाम एक पिशवी विचारून पाहिली आणि म्हणाल्या, "बारा आकड्यांतच आलं. आणि त्यांना म्हणावं, मी रजिस्टर पुन्हा सुरू केलंय. राग मानू नका." सुभेदार म्हणाले, "मानायचा कशाला? त्यांचंच बराबर हाय."

साहेब त्या दिवशी मऊ झाले होते. त्यांनी आपल्या तीन नंबरच्या कपात चहा घेतला आणि फाइल उघडली. "आणा सुभेदार, तुमच्या करारावर सही करून टाकतो. नंतर मंडळाला सांगता येईल."

सुभेदार म्हणाले, "साहेब, त्या फायलीत ताईंचं पत्र वर हाय का खाली?"

"खाली असेल. का?"

"मंग खालनं घ्या."

साहेब हसले. "तुम्ही काही सुधारायचे नाही." त्यांनी फाइल उलटी केली, माझं पत्र काढलं, वाचलं, सही केली, शिक्का मारला. तेवढ्यात कारखान्याहून माणूस आला, साहेब उठून गेले, आणि वरचा करार बिनसहीचाच राहिला. दुसऱ्या दिवशी मऊपणा ओसरला होता. करार रीतीप्रमाणे मंडळापुढे ठेवू, असं ठरलं. बांध त्या हंगामात कुणी काढला नाही. पण काटा पाच मिनिटं बंद राहिला होता हे मंडळाच्या लक्षात राहिलं, आणि तो पुन्हा चालू कुणामुळे झाला हे राहिलं नाही. मार्चमध्ये ठरलं की नवं मशीन घ्यायचं, त्याची देखभाल पुण्याची कंपनी करील, आणि करार पुढे वाढवायची गरज नाही. त्या दुपारी साहेबांनी फाइल वरून उघडली असती तर दोन्ही सह्या झाल्या असत्या असं मी पुष्कळ वर्षं मनात घोळवत आले आहे. सुभेदारांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

जाताना त्यांनी पिशवी खिळ्यावरून काढली आणि उंबऱ्याशी आपला चौकोन पायानं पुसला. मी त्यांचा नऊ नंबरचा कप कागदात गुंडाळायला घेतला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या खिळ्यावर. खिळा रिकामा दिसला की कोन बी टोपी अडकवतं." मग म्हणाले, "ताई, लोणंदला कळवलं का पत्राचं?" मी मान हलवली. "मंग झालं की," म्हणाले, आणि जिना उतरून गेले. पुढे एकदा रहिमतपूरच्या स्टँडवर भेट झाली. पायाला चिखल, हातात फावडं. भावाच्या उसाला रोज दारं धरतो, पाणी देतो म्हणाले. मशीनचं विचारलं नाही, जाळ्या कोण धुतं एवढं मात्र विचारलं.

त्यानंतर तीन मशीनं बदलली. आता दवाखान्याचं वेगळं आहे, कारखान्याचं वेगळं आहे, दोन्ही उठतात मात्र एकाच फाइलनं, आणि मेमरीची कुणाला चणचण नाही. कंपनीचा मुलगा नवी मांडणी करत होता तेव्हा त्यानं फाइलवर बोट ठेवलं. "मॅडम, ही थांबण्याची ओळ कशाला? चाळीस सेकंद वाया जातात." मी म्हटलं, "असू दे." तो म्हणाला, "पण उपयोग काय?" मी म्हटलं, "उपयोग आहे." प्रत्येक नव्या मशीनवर ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली आहे.

वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी सगळं बंद करून उठवावं लागतं. लहान आधी उठतो. मग पडदा थांबतो, खोलीतली माणसं सवयीनं गप्प होतात, आणि मी डोळे मिटते. समोर कालवा असतो. मी तो कधी पाहिलेला नाही. कडेच्या ओल्या वाटेवरून एक पाटकरी पुढे चाललेला असतो, मागे बघत बघत. त्याच्या मागे एक पोरगं, आणि त्या पोराच्या मागे मी. पाणी शेवटच्या चारीला लागल्याचा आवाज येतो. आम्ही तिघं पुढच्या दाराशी पोचतो, आणि मग मोठ्याचं पाणी सुटतं.